घ्या-ना मामा

कोणी 'नाही' म्हटलं की मामांना चेव यायचा. पंगतीतला माणूस दोन्ही हात पानावर आडवे धरायचा, मान हलवायचा, गयावया करायचा आणि मामा त्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी सोडायचे. वर म्हणायचे, "घ्या ना, घ्या ना! एका जिलबीनं कोनाचं पोट फुटलं काय?" वलगावात त्यांचं खरं नाव मतदारयादीपुरतं उरलं होतं. बाकी साऱ्या पंचक्रोशीचे ते घ्या-ना मामा. माझे मात्र सख्खे मामा, आईच्या पाठचे.

घरची काळी जमीन होती, ती ते कसायचेच. पण लग्नसराई लागली की पार चांदूर रेल्वे गावापर्यंत ओळखीच्या कुठल्याही घरची पंगत मामांच्या ताब्यात. कमरेला दुपट्टा आवळलेला, एका हातात परात, आणि पाय कसे तर तव्यावर ठेवल्यासारखे. एका जागी थांबणं त्यांना ठाऊकच नव्हतं. स्वतः सगळ्यांत शेवटी जेवायचे, तेही उभ्यानं, खांबाला टेकून. मामी म्हणायची, "यायच्या बुडाले देवानं चाकं लावले." माझ्याकडे अकोल्याला आले तरी पाणी पिता पिता निघायची भाषा. मला त्याचा राग यायचा. माणसानं आलं तर बसावं की नाही!

ती वर्षं वाईट होती. कापसाचा विषय निघाला की ओट्यावरची माणसं उठून जायची. लग्नं होत होती, पण मांडव आखूड झाले होते आणि जेवणाऱ्यांचे चेहरे ओढलेले. एकदा मी मामांना फटकारलंच. म्हटलं, मामा, हा काय छळ मांडलाय तुम्ही लोकांचा? तेव्हा ते परात खाली न ठेवता म्हणाले, "बाई, भुकेला माणूस पयले नाईच म्हनते. पोट भरलेला लगेच हो म्हनते. आता मी कोनाचं आयकू?" मी काही म्हणणार, तोवर मामा पुढच्या रांगेत पोचले होते.

असा माणूस एके दिवशी माझ्या घरी अर्धी पोळी टाकून उठला. मी विचारलं तर म्हणाले, गॅस झाला. मामीला फोन केला तेव्हा कळलं की सहा महिने गॅसच चालू आहे. रोज सोडा पितात, पट्ट्याला नवं भोक पाडून पॅन्ट आवळतात आणि कोणाला सांगायचं नाही म्हणून तिला शपथ घातली आहे. मी दोघांवरही इतकी ओरडले की शेजारीण डोकावून गेली. दुसऱ्याच दिवशी मामांना दवाखान्यात नेलं. तोंडातून दुर्बीण घालून तपासलं, तुकडा काढून पाठवला. त्याचा निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. चहा ठेवायचे आणि गॅस पेटवायला विसरायचे. निकाल आला. जठराचा कॅन्सर.

डॉक्टर तरुण होता, पण पोरकट नव्हता. त्यानं कागदावर चित्र काढून समजावलं. अख्खं जठर काढावं लागेल, आजूबाजूच्या गाठीही काढायच्या, आणि मग अन्ननलिका सरळ लहान आतड्याला जोडायची. पोट मात्र उभं फाडायचं नाही. चार-पाच छिद्रं पाडून त्यातून दुर्बीण आणि लांब दांड्यांची हत्यारं आत घालायची. रक्त कमी जाईल, दुखणं कमी, माणूस लवकर चालायला लागेल. मामांचा चेहरा खुलला तसा तो थांबला. म्हणाला, "काका, जखम लहान राहील. ऑपरेशन लहान नाही. हे दोन्ही वेगळं आहे, एवढं लक्षात ठेवा." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. त्यातली पहिलीच गोष्ट आमच्या डोक्यात शिरली, हे नंतर कळलं.

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. ऑपरेशनच्या सकाळी हिरवा झगा घातलेले मामा स्ट्रेचरवरून उतरले, वाकले आणि माझ्या पावलांना हात लावून म्हणाले, "बाई, तुह्या मामीले जेवाले लाव. ते नाई म्हनीन. तू आयकू नको." मग आत गेले. बाहेर मी, मामी आणि सलीमभाई. सलीमभाई म्हणजे मंडपवाले, मामांचे जन्माचे दोस्त. एकानं मांडव घालायचा, दुसऱ्यानं त्यात वाढायचं. तो लांबलचक माणूस व्हरांड्यात येरझारा घालत होता. शेवटी मी म्हटलं, भाई, बसा ना. ते म्हणाले, "वो नहीं बैठा जिंदगीभर, मी कसा बसू?" मामीसमोर मी डबा उघडला. ती नाही म्हणाली. मी ऐकलं नाही.

ऑपरेशन झालं, चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी मामा कॉटला धरून उभे राहिले आणि तिसऱ्या दिवशी नर्सला विचारत होते, तुम्ही जेवला काय? घरी सोडताना डॉक्टरनं बजावलं. आता साठवायला कोठी नाही. दर दोन तासांनी चार घास, चावून चावून, बसून. गोड जपून. दर काही महिन्यांनी व्हिटॅमिनचं इंजेक्शन, आणि मधे सलाईनमधून औषधाचे डोस. मामांनी सगळं 'हो हो' म्हणून ऐकलं.

मग गाव भेटायला लोटलं. आमच्याकडे ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला जाणं म्हणजे टाके पाहायला जाणं. अमक्याला किती टाके, तमक्याचा चिरा कुठून कुठवर, यावरून आजाराचा मान ठरतो. मामा सदरा वर करायचे आणि खाली निघायचे पाच ठिपके, त्यातला एक जरा मोठा. लोकांचा हिरमोड व्हायचा. "एवढंच? एवढ्यातून पोट काहाडलं म्हनता? काई सांगतेत डॉक्टर लोक!" एका शहाण्यानं निर्वाळा दिला की आत नुसता गॅस होता, तो सोडला. होता होता मामांनाही ते पटायला लागलं. पोटावर खूण नाही म्हणजे पोटात काही झालंच नाही. मी अकोल्याहून फोनवर ओरडत राहिले, आणि मामा म्हणत राहिले, "मले काई झालं नाई बाई, तू काहून तरास करून घेऊन राहिली?"

डोस संपले, उन्हाळा आला आणि नांदगाव पेठेच्या एका लग्नात मामा पुन्हा परात घेऊन उभे. मी त्या लग्नात होते. सदरा अंगावर लोंबत होता, पण पाय तेच. पंगती उठल्या. मग वाढणाऱ्यांनी आणि घरच्यांनी मामांना घेरलं, धरून पाटावर बसवलं. "मामा, जलमभर आमाले चारलं. आज तुमी घ्या!" मी लांबून हात हलवत होते, कोण पाहतो! ताटात बुंदी पडली, जिलबी पडली, वर मठ्ठा. मामांनी पानावर हात आडवा धरला होता, पण तो जीव नसलेला हात होता. ज्यानं आयुष्यात कोणाचं 'नाही' ऐकलं नाही, त्याला स्वतःचं 'नाही' म्हणता येईना. ते खात गेले. थोड्या वेळानं त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या, छाती धडधडायला लागली, चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला आणि मामा पाटावरून आडवे झाले. मला वाटलं, गेले. मी किंचाळले. सलीमभाईंनी त्यांना उचललं, मंडपाच्या टेम्पोत बिछायतीवर निजवलं आणि अमरावतीला आणलं.

वाचले. गोड अन्न एकदम आतड्यात उतरलं की असं होतं, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं. मामा छताकडे पाहत होते.  मग म्हणाले, "बाई, म्या लोकायले असंच चारलं काय वं?" मी म्हटलं, नाही मामा. म्हणाले, "तुहं पयलं नाई मी आयकत नसतो."

तिथून मामा बदलले, पण पंगत सोडली नाही. उलट वाढणाऱ्या पोरांना नवा कायदा घालून दिला: "पयलं नाई लाजेचं असते, दुसरं पोटाचं. म्हनून दोनदा इचारा. तिसऱ्यांदा इचारनारा वैरी." स्वतः खिशात मुरमुऱ्याची पुरचुंडी ठेवायचे, आणि वेळ झाली की पंगत तशीच टाकून, चक्क खुर्चीवर बसून, चार घास खायचे. मामांना बसलेलं पाहायला मला विचित्र वाटायचं. रस्त्यात भेटेल त्याला सदरा वर करून सांगायचे, "हे ठिपके पाहू नको. अंदर कोठी नाई राह्यली. तुले गॅस होऊन राह्यला न, जाय, दुर्बीन टाकून पाह्य." दोघा-तिघांना तर स्वतः ओढून नेलं. अशी तीन-चार वर्षं गेली, आणि ती आम्हाला फुकटात मिळाल्यासारखी वाटायला लागली होती.

मग पुन्हा वजन उतरलं. या वेळी यकृतात गाठी होत्या. छिद्र लहान असो की मोठं, आजार आपल्या चालीनं चालतो, असं ऑपरेशन करणारा तो तरुण डॉक्टर म्हणाला; त्याचाही आवाज खाली आला होता. मामा शेवटचे दिवस वलगावला होते. मामी पेजेची वाटी घेऊन उशाशी बसायची. चमचा पुढे करायची, मामा मान फिरवायचे. ती पुन्हा चमचा न्यायची आणि हळूच म्हणायची, "घ्या ना." तो अगदी मामांचाच सूर होता. मामा डोळे उघडायचे, तिच्याकडे पाहायचे आणि तोंड उघडायचे. त्यांना भूक नव्हती, हे मला दिसत होतं. ते तिच्यासाठी गिळत होते. तिसऱ्यांदा मामीनं कधी चमचा नेला नाही.

मामांच्या तेरवीला मांडव सलीमभाईंनी घातला. माणूस मावत नव्हता. मला जेवायचं नव्हतं, पण सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. वाढणारा माझ्यासमोर आला. "बुंदी?" मी पानावर हात धरला आणि नाही म्हटलं. तो पुढच्या पानाकडे गेला.

मी हात तसाच ठेवून बसून राहिले. पंगत उठेपर्यंत मला कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.