आखाजीच्या आत शेड

आमच्या घरी चार माणसं जेवायला बसली, की तिसऱ्या पोळीला शेडचा विषय निघतोच. प्रत्येकाचा किस्सा वेगळा आणि प्रत्येक जण म्हणतो, माझाच खरा! पण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवा. मी तेव्हा घरात नवी सून होते आणि नव्या सुनेला बोलायचं कमी, बघायचं जास्त असतं.

माझे सासरे, नाना, धुळ्याला सरकारी कचेरीत कारकून होते. रिटायर झाल्यावर जळगावात, पिंप्राळ्याला घर बांधून राहिले. मागे मोकळी जागा होती, तिथे त्यांनी बाग सुरू केली. फावडी, कुदळी, पाइप, शेणखताची पोती, सगळं जाऊन बसलं मधल्या खोलीत. एरवी काही बिघडत नव्हतं. पण धुळ्याला दिलेल्या माझ्या नणंदबाई, अक्का, आखाजीला आल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी आठ-आठ दिवस माहेरी राहतात. त्यांची खोली आमच्या लग्नात आम्हाला मिळालेली, म्हणून त्यांची गादी पडली मधल्या खोलीत, पोत्यांच्या मध्ये. अक्कांना सोडायला आलेले त्यांचे यजमान, भाऊजी, हसत म्हणाले, "नाना, पुढच्या साली आम्हाला कुंडीतच लावा!"

सगळे हसले. नाना नाही हसले. अक्का दुसऱ्याच दिवशी परत गेल्या. भाऊबीजेलाही सकाळी आल्या आणि संध्याकाळच्या बसने गेल्या. मला फार अपराधी वाटायचं, कारण त्यांच्या खोलीत माझं कपाट होतं.

गुढीपाडव्याला नानांनी जाहीर केलं, "यंदा आखाजीच्या आत मागे शेड झाली पाहिजे. मिस्त्री लावायचा नाही. माझ्या पोरीची खोली घरातल्यांनी अडवली, घरातलेच मोकळी करतील."

*

कारकुनाने शेड बांधायची म्हणजे आधी फाइल! नानांनी खरोखरच लाल फीत बांधलेली फाइल उघडली. कामावर कोण, किती तास, सगळी नोंद. गैरहजर राहायचं तर लेखी अर्ज.

आमच्या ह्यांनी अर्ज दिला, "रविवारी सकाळी टीव्ही पाहण्यासाठी दोन तास रजा मिळावी." नानांनी समासात लिहिलं, "नामंजूर. टीव्ही मधल्या खोलीतून दिसत नाही, कारण मध्ये पोती आहेत."

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंनाही अर्ज मागितला. शिंदखेड्याला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. आई म्हणाल्या, "देते की! फक्त त्या दिवशी तुम्हाला चहा कोण देणार, ते आधी फाइलीत लिहा."

रजा तोंडीच मंजूर झाली.

*

मग आखणी. त्यासाठी गावाकडून नानांचे थोरले भाऊ, आबा आले. कापूस पिकवणारा माणूस, सहा फूट उंच, कुदळ हातात घेतली की जमीनच घाबरावी. मी टेप आणायला निघाले, तर आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "टेप कायले जोयजे? हात शे ना!"

झालं. एका बाजूचे दहा हात आबांनी मोजले आणि समोरच्या बाजूचे दहा हात आमच्या ह्यांनी. आमचे हे पाच फूट तीन इंच! चारही खड्डे खणून झाल्यावर नाना दोरी लावून बघतात, तर एक बाजू सव्वा-दीड फूट लांब.

"आबा, हे वाकडं झालं," नाना म्हणाले.

आबांनी एक डोळा मिटून पाहिलं. "जमीन वाकडी शे. हात नई."

पण नाना ऐकणारे नव्हते. दोन खड्डे बुजवले आणि नव्याने खणले, सगळी मापं आबांच्याच हाताची. खणलेही आबांनीच. शेवटी घाम पुसत ह्यांना म्हणाले, "तू जरा हात वाढाव रे भो!"

*

पत्रे धुळ्याच्या भंगार बाजारातून आणायचे ठरले. नाना आणि आमचे हे गेले आणि जुने पण धड पत्रे बसच्या टपावर बांधून निघाले. पारोळ्यापर्यंत पत्र्यांनी असा ताशा वाजवला, की आतल्या माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. कंडक्टरने पारोळ्याला बस थांबल्यावर सांगितलं, "काका, पत्रे उतरवा."

नाना टपाच्या शिडीला धरून उभे राहिले. "उतरवणार नाही. आखाजीला माझी पोरगी येते आहे, तिची खोली मोकळी करायची आहे."

बसमध्ये निम्म्या बायका होत्या. त्यांनी कंडक्टरला बोलूच दिलं नाही! कोणी गोणपाट काढलं, कोणी गोधडी दिली. एरंडोलला उतरणाऱ्या एका म्हाताऱ्या आजींनी पिशवीतलं धुवट लुगडं दिलं. ते सगळं पत्र्यांच्या मध्ये कोंबलं आणि बस गुपचूप निघाली.

एरंडोलला लुगडं काढलं तर त्यावर गंजाचे पट्टे. नाना हात जोडून उभे. आजी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. पोरले सांगज्या, एक लुगडं मनं बी लागनं."

आजींचंही एक लुगडं शेडला लागलं, हे सांगताना आजही ह्यांचा आवाज बदलतो. मग ते उगाच पाणी मागतात.

*

एप्रिलचं ऊन म्हणजे काय, ते जळगावकरांना सांगायला नको. पहाटे आणि सूर्य कलल्यावरच काम. तरी आई प्रत्येकाच्या खिशात कांदा घालायच्या, लू लागू नये म्हणून. मला साडीत खिसा नाही, तर माझा कांदा पदराला बांधला!

पत्र्यांना खिळ्याने भोकं पाडून बोल्ट लावायचे होते. नानांचा पहिला खिळा वाकला. ह्यांचे तीन वाकले आणि चौथा अंगठ्यावर बसला. आई खाली उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "उतरा दोघं." पदर खोचला, शिडी चढल्या आणि एका घावात एक भोक. चाळीस वर्षं खलबत्त्यात मिरची कुटलेला हात होता तो!

नानांनी त्याच संध्याकाळी फाइलीत नोंद केली, "सौ. यांची मुख्य मिस्त्री म्हणून नेमणूक."

"पगार काय?" आईंनी विचारलं.

"दोन वेळचं जेवण."

"ते तर मीच करते!"

*

आखाजीच्या दोन दिवस आधी शेड झाली. चार लोखंडी खांब, वर पत्रा, चारी बाजूंनी पत्रा, पुढे दार. सगळं सामान तिकडे हलवलं. मधली खोली मी स्वतः तीनदा धुतली आणि नवी चादर घातली.

अक्का आल्या. खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि एकदम रडायलाच लागल्या. मीही रडले. नाना झारी घेऊन मागे गेले.

मग डोळे पुसून अक्कांनी दोरखंड काढला. आखाजीचा झोका! तो खेळल्याशिवाय माहेरवाशिणीची आखाजी होत नाही. त्या मागच्या अंगणात गेल्या, आम्ही त्यांच्या मागे. आणि सगळे जिथल्या तिथे थांबलो.

अंगणात झाड एकच, कडुनिंबाचं. झोका बांधता येईल अशी फांदीही एकच. आणि पत्रा तापू नये म्हणून, सावली बघून, आम्ही सगळ्यांनी एकमताने शेड बांधली होती नेमकी त्या फांदीखाली! आदल्या आखाजीला झोका बांधायच्या आतच अक्का परत गेलेल्या, मला नव्या सुनेला काय माहीत? पण बाकीचे तिघं? आणि आबा?

अक्कांनी दोरखंड गुंडाळला. "राहू द्या, नाना. झोका खेळायला मी काय लहान आहे?" असं म्हणून त्या हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं.

नानांनी फांदीकडे पाहिलं. मग ह्यांना म्हणाले, "पाना लई ये."

"नाना! महिना लागलाय बांधायला!"

"खोलाले महिना लागत नई."

सगळ्यांत आधी शिडीवर चढल्या त्या मुख्य मिस्त्री. अंधार पडायच्या आत वरचे सगळे पत्रे उतरले, पुढचे-मागचेही उतरले. पोती मधल्या खोलीत जाऊ नयेत म्हणून नानांनी ती स्वतःच्या खाटेखाली ढकलली. सणाला आलेल्या आबांनी फांदीला दोरखंड बांधला आणि दोनदा स्वतः लोंबकळून पाहिला.

अक्का आठच्या आठ दिवस राहिल्या.

नवव्या दिवशी भाऊजी न्यायला आले. शेडचं कौतुक धुळ्यापर्यंत पोचलेलं, म्हणून चहाच्या आधीच मागे गेले. बघतात तर चार खांब, दोन बाजूंना पत्रा आणि वर आकाश. ते खांबांच्या मधोमध, अक्कांच्या झोक्याच्या वाटेतच जाऊन उभे राहिले, वर पाहिलं, चारीकडे पाहिलं.

"नाना, शेड बांधली म्हणे. छप्पर कुठंय?"

नाना झारीने मिरचीच्या रोपांना पाणी घालत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"जरा बाजूले व्हा, पाव्हना. पोर झोका खेळी ऱ्हायनी!"