नवागामच्या गल्लीला लावलेला चुना

आमच्या कामात दर गच्चीवर एक तरी किस्सा मिळतोच. लिहून ठेवायची सवय नाही, तेव्हा चहा मागवा, आठवतील तसे सांगतो!

आम्ही सुरतेत गच्च्यांवर चुन्याचा पांढरा थर देतो. ऊन वरच्या वर परत जातं, खालची खोली थंड राहते. याला ‘कूल रूफ’ असं भारी नाव आहे. आमचे भीमरावकाका मात्र चुनाच म्हणतात. काका परभणीचे. पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये वाफेत उभं राहून दम लागायला लागला, तेव्हा नोकरी सोडून माझ्याबरोबर आले. सुपरवायझर हसला होता, "दो महिने में वापस आओगे, भीमराव!" त्या वाफेत परत जायचं नाही, एवढंच काकांना हवं होतं.

*

नवागामच्या मराठी वस्तीतल्या गल्लीत पहिल्याच दारात काका म्हणाले, "ताई, तुम्हाला चुना लावायला आलोय!"

दार धाडकन बंद! पुढची चार दारंही तशीच.

मी म्हटलं, "काका, कूल रूफ म्हणा हो."

सहाव्या दारात काका ओरडले, "ताई, कूल रूफ!"

आतून आवाज आला, "कुल्फी नको!"

*

शेवटी सुशीलाअक्का तयार झाल्या. अक्का धुळ्याच्या, घरी बसून साड्यांना टिकल्या लावतात. दुपारी खोल्या अशा तापायच्या की गल्लीतल्या बाया काम गुंडाळून देवळाच्या सावलीत जायच्या. अक्कांनी अट घातली, "आधी माझी एकटीची गच्ची. पटलं तर गल्लीला सांगेन. नाही पटलं तर खरवडून द्यायची!"

काकांनी असे मन लावून दोन हात मारले की जणू लेकीचं लग्नघर रंगवतायत. काम हातचं गेलं तर पुढे काय, ते त्यांना ठाऊक होतं.

*

चौथ्या दिवशी अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या.

"तुम्हना चुनामुये मना पापड वायी नही राह्यनात!"

गच्ची तापेना, म्हणून पापड वाळेनात! माझा चेहरा पडला. मनातल्या मनात मी खरवडायला पत्रा शोधायला लागलो.

काकांनी शांतपणे विचारलं, "आणि साड्या, अक्का?"

अक्कांचे हात कमरेवरून खाली आले. "त्या तर घरात बसूनच, भर दुपारी संपल्या."

काकांनी पापड उचलले आणि शेजारच्या काळ्या गच्चीवर नेऊन घातले.

*

दुसऱ्या दुपारी बाया देवळाशी जमल्या, पण अक्का नाहीत. हाका मारल्या, उत्तर नाही. सगळ्या घाबरून धावल्या, दार बडवलं. अक्का डोळे चोळत बाहेर आल्या.

"काय व्हयनं? जरासा डोया लागना व्हता!"

भर उन्हाळ्यात, भर दुपारी, त्या खोलीत झोप! बाया एकेक करून आत शिरल्या, भिंतीला हात लावून बघितला. संध्याकाळी काकांभोवती गराडा पडला, "आधी आम्हाला चुना लावा!" काकांचे डोळे भरून आले होते. माझेही, खोटं कशाला बोलू?

*

शेवटच्या गच्चीवर ब्रश धुताना काकांचा फोन वाजला. जुना सुपरवायझर!

"भीमराव, सुना है तूने पूरी गली को चूना लगा दिया?"

काका ताठ उभे राहिले.

"हां साहब! एक भी घर नहीं छोड़ा. बोलो, आपको कब लगाऊं?"