परबबाईंचं सर्टिफिकेट

परबबाईंचा संगणकावर काडीचाही विश्वास नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात 'कनेक्टेड' असं लिहून आलं तरी त्या खाली वाकायच्या, टेबलामागची वायर हाताने चाचपायच्या, तिचं टोक अंगठ्याने दाबायच्या आणि मगच मान हलवायच्या. "तो म्हणतो लागलंय. त्याला काय, तो काहीही म्हणेल," असं त्यांचं मत होतं. घाटकोपरच्या एका कॉलेजात त्या कॉम्प्युटर लॅबच्या अटेंडंट होत्या. कागदोपत्री त्यांचं काम लॅब उघडणं, झाडून घेणं आणि मुलांना चपला बाहेर काढायला लावणं एवढंच. प्रत्यक्षात त्या चार मजली इमारतीतली कुठली वायर कुठून निघते, कुठल्या भिंतीत शिरते आणि कुठे उंदराने कुरतडली आहे, हे फक्त त्यांना माहीत होतं. वीस वर्षांत कितीतरी इंजिनियर आले, वायरी टाकून गेले. बाई राहिल्या.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मुलुंडला, क्लासमध्ये. बीएस्सी आयटी होऊन मी घरी बसलो होतो आणि नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची एक परदेशी परीक्षा पास झालो की नोकऱ्या आपोआप चालत येतात, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. क्लास एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. सर शिकवत असताना खालून दात कोरायच्या मशीनचा आवाज यायचा. भिंतभर पास झालेल्या मुलांचे फोटो होते; प्रत्येकाने हातात सर्टिफिकेट अशा तऱ्हेने धरलेलं, की बहुधा कुणी ते परत काढून घेईल अशी भीती असावी.

तिथे शिकवणं असं फारसं नव्हतंच. सरांनी कुठूनतरी परीक्षेतले प्रश्न आधीच मिळवले होते. त्या गठ्ठ्याला सगळे 'डम्प' म्हणायचे. आम्ही तो पाठ करायचो. प्रश्न वाचायचीही गरज नव्हती; पहिले तीन शब्द दिसले की उत्तर 'क', एवढं पुरे होतं. अशा त्या वर्गात पहिल्या बाकावर सत्तेचाळीस वर्षांच्या परबबाई बसायच्या. मांडीवर डब्याची पिशवी, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. आणि त्या हात वर करून विचारायच्या, "का?"

सरांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पहिल्यांदा ते हसले. दुसऱ्यांदा म्हणाले की बाई, 'का' परीक्षेत येत नाही. तिसऱ्यांदा बाईंनी डम्पमधलं एक उत्तरच चुकीचं आहे असं दाखवून दिलं. सरांनी ते मान्यही केलं, पण उत्तर बदलायला ते तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, परीक्षेत हेच बरोबर धरतात, तेव्हा तुम्ही चूकच पाठ करा. बाईंनी वहीत ते लिहून घेतलं आणि पुढे कंसात लिहिलं: 'खोटं'.

त्या क्लासला का येतात हे मला चहाच्या टपरीवर कळलं. कॉलेजला तपासणी समिती येणार होती आणि तिच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: प्रमाणित नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे का? प्रिन्सिपॉलसाहेबांनी बाईंना बोलावून सांगितलं, की समिती यायच्या आत सर्टिफिकेट आणा, नाहीतर लॅबमध्ये दुसरा माणूस येईल आणि तुम्ही लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारायला जाल. "वीस वर्षं मी ते चालवतेय," बाई म्हणाल्या, "आता मला येतं का, ते अमेरिकेला विचारणार." राग आला की त्या मालवणीत जायच्या. त्या दिवशी अर्धा कप चहा होईपर्यंत त्या मालवणीतच होत्या.

मला एक गोष्ट काही केल्या डोक्यात शिरत नव्हती. एका मोठ्या नेटवर्कचे छोटे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात किती मशीनं बसतात ते काढायचं, हे गणित. सर म्हणायचे, ते पाच प्रश्न सोडून दे. बाईंनी पिशवीतून रांगोळीचा ठिपक्यांचा कागद काढला. सोळा गुणिले सोळा. "हे झाले दोनशे छप्पन. आता मधून रेघ मार. किती उरले? परत मार." मी रेघा मारत गेलो. प्रत्येक तुकड्यातला पहिला आणि शेवटचा ठिपका त्यांनी पेनाने काळा केला. पहिला त्या तुकड्याच्या नावाचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा. त्या दोघांवर मशीन बसवायचं नाही. तीन वर्षं कॉलेजात जे मला कळलं नव्हतं ते टपरीच्या बाकड्यावर दहा मिनिटांत कळलं. बाईंना मात्र त्यात विशेष काही वाटलं नाही. भांडुपला त्यांच्या चाळीत दिवाळीला त्या याहून मोठ्या रांगोळ्या काढायच्या.

परीक्षा आम्ही एकाच दिवशी दिली, अंधेरीला, चकाल्याच्या एका काचेच्या इमारतीत. दारावरच्या मुलीने माझे खिसे उलटे करून पाहिले. बाईंच्या बांगड्या, कानातली, घड्याळ काढायला लावलं, चष्मा उजेडात धरून तपासला, केसातली पिनही काढून घेतली. बाईंनी तिला विचारलं, की एवढ्याशा पिनेत मी काय लिहून आणणार? मुलीने नियमांचा कागद पुढे केला.

मी चाळीस मिनिटांत पास होऊन बाहेर आलो. अर्धे प्रश्न मी शेवटपर्यंत वाचलेही नाहीत. बाई पूर्ण वेळ बसल्या आणि थोडक्यात नापास झाल्या. जिथे पडद्यावर बिघडलेलं नेटवर्क देतात आणि ते दुरुस्त करायचं असतं, तो भाग त्यांनी सगळ्यात आधी आणि अचूक सोडवला होता. घात झाला तो शब्दांच्या प्रश्नांत. नेटवर्क बंद पडल्यास अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने सर्वप्रथम काय करावं? बाईंनी 'वायर तपासावी' निवडलं. बरोबर उत्तर होतं, 'समस्या निश्चित करावी'. लिफ्टमध्ये त्या इतकंच म्हणाल्या, "बंद पडलंय, हीच समस्या. अजून निश्चित काय करायची?"

माझा फोटो भिंतीवर लागला. पंधरा दिवसांत सरांचा फोन आला, की एका कॉलेजला तातडीने प्रमाणित माणूस हवा आहे, एक वर्षाचं कंत्राट आहे, जा. मी गेलो. कॉलेज घाटकोपरचं होतं. कुठलं ते मला गेटवरच कळलं. तिथूनच परतायला हवं होतं, असं आज वाटतं. तेव्हा वाटलं नाही. पहिली नोकरी होती, आईचे शेजारी पेढे वाटून झाले होते.

लॅबच्या किल्ल्या बाईंनी स्वतः माझ्या हातात दिल्या. कुठला पंखा आवाज करतो, कुठल्या मशीनवर मुलं खेळ टाकून ठेवतात, सगळं सांगितलं. मी काहीतरी चाचरत बोलायला लागलो तेव्हा म्हणाल्या, "तू नसतास तर दुसरा असता रे. तू निदान चपला काढतोस." आणि लायब्ररीत गेल्या.

समिती आली त्या दिवशी सगळं कॉलेज नव्या नवरीसारखं सजलं होतं. जिन्यात कुंड्या, दारात तोरण, प्राध्यापकांच्या गळ्यात टाय. समितीचे तीन सदस्य ढोकळा खाऊन लॅबकडे यायला निघाले आणि इंटरनेट गेलं. नुसतं इंटरनेट नाही, चारही मजल्यांवरचं एकूण एक मशीन एकमेकांना ओळखेनासं झालं. मी समस्या निश्चित करायला बसलो. सगळी कपाटं उघडली, सगळं बंद करून चालू केलं, डम्पमधले तीनशे प्रश्न डोळ्यांसमोरून गेले. त्यातल्या एकातही प्रिन्सिपॉल दारात घाम पुसत उभे नव्हते. शेवटी मी मागच्या जिन्याने लायब्ररीत पळालो.

बाई शिक्के मारत होत्या. बोटं जांभळी झालेली. मला पाहताच शिक्का ठेवून उठल्या. तिसऱ्या मजल्यावर वायरींची जोडणी असलेली पेटी उघडली. आतले सगळे हिरवे दिवे पिसाळल्यासारखे एकदम लुकलुकत होते. "इकडे आज झाडायला कोण आलं होतं?" त्यांनी विचारलं. समितीसाठी शोभा वाढवायची म्हणून कुणीतरी लोंबणाऱ्या वायरी नीट बांधल्या होत्या आणि एक मोकळं टोक वाईट दिसतं म्हणून जवळच्या रिकाम्या भोकात खोचून टाकलं होतं. म्हणजे एकाच वायरीची दोन्ही टोकं त्याच पेटीत, आणि आतला निरोप बाहेर न जाता गोल गोल फिरत बसलेला. बाईंनी दोन बोटांनी ते टोक उपटलं. दिवे शांत झाले. खालून प्रिन्सिपॉलांचा आवाज आला, आलं, आलं.

मी लॅबमध्ये पोचलो तेव्हा समिती आत आली होती. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. प्रिन्सिपॉल म्हणाले, आमचे प्रमाणित अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, पाच मिनिटांत पूर्ववत केलं. बाई दारातच उभ्या होत्या, जांभळी बोटं पदरात धरून. मला दोनच शब्द बोलायचे होते, 'बाईंनी केलं'. मी म्हणालो, "थँक्यू सर."

बाई या विषयावर कधीच बोलल्या नाहीत, आणि ते मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन लायब्ररीत गेलो आणि म्हणालो, परत परीक्षा द्या, मी तयारी करून घेतो. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "माका इंग्रजी वाचूक येता रे. पण ह्येंच्या मनात काय असा, ता कळना नाय." मी म्हणालो, तेवढं एकच मला येतं.

मग रोज दुपारी आमची अदलाबदल चालली. मी त्यांना शिकवलं की परीक्षेतलं नेटवर्क हे खरं नेटवर्क नाही. तिथे उंदीर नसतात, झाडणारे नसतात, तिथला माणूस आधी विचारपूस करतो, मग तर्क मांडतो, मग योजना आखतो, आणि शेवटी झाल्या गोष्टीचा अहवाल लिहितो. बाई ऐकायच्या आणि त्यांना त्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची दया यायची. बदल्यात त्यांनी मला इमारत शिकवली. कुठल्या भिंतीला ओल येते म्हणून तिथून वायर न्यायची नाही, कुठला लिपिक पाय ठेवायला टेबलाखालच्या नेटवर्कच्या डब्याचा पाट करतो. त्या पास झाल्या तेव्हा मी चकाल्याला खाली उभा होतो. केसातली पिन परत लावत त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सगळं त्यांच्या मनासारखं खोटं लिहिलं. चांगले मार्क पडले."

क्लासच्या सरांनी त्यांचा फोटो सगळ्यात वर, मोठा करून लावला. प्रिन्सिपॉलांनी गुच्छ दिला. मग त्यांच्या लक्षात आलं, की आता कॉलेजकडे दोन प्रमाणित माणसं झाली, त्यातलं एक कायम आहे आणि दुसऱ्याचं कंत्राट महिन्याभरात संपतंय. त्यांनी मला बोलावून माझ्या उज्ज्वल भविष्याला शुभेच्छा दिल्या. अनुभवाच्या दाखल्यात लिहिलं होतं, की समितीच्या भेटीत मी प्रसंगावधान दाखवून नेटवर्क सुरू केलं. मी साहेबांना सांगितलं, सर, हे खरं नाही, ते परबबाईंनी केलं होतं. सांगायला वर्ष उशीर झाला होता, पण सांगितलं. साहेबांनी दाखला हातात घेतला, वाचला आणि परत माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, टाइप झालाय आता, राहू दे.

बाईंना हे कळलं तेव्हा त्या तडक वर गेल्या आणि मला लॅब नको, लायब्ररी द्या, म्हणून साहेबांशी वाद घालून आल्या. काही झालं नाही. खाली येऊन माझ्यावरच ओरडल्या, की मला शिकवलंस कशाला. मी म्हणालो, तुम्ही मला ठिपके शिकवलेत त्याचं काय?

आता बाई निवृत्त होऊन कुडाळला राहतात. मी पवईत एका कंपनीत आहे, हाताखाली माणसं आहेत, सर्टिफिकेटं बरीच झाली आहेत. पण बाई म्हटलं की मला तो कॉलेजमधला शेवटचा दिवस आठवतो. मी निरोप घ्यायला लॅबमध्ये गेलो होतो. बाईंनी निरोप घेऊच दिला नाही. वायरीचं एक भेंडोळं, टोकं बसवायची पकड आणि कात्री माझ्यापुढे ठेवली आणि बसवून घेतलं. नेटवर्कचा प्रमाणित अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असून मी आयुष्यात एकदाही वायरीला स्वतःच्या हाताने टोक बसवलं नव्हतं, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं आणि वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं.

आठ रंगीत तारा, आठही सरळ, ठरलेल्या क्रमाने. पहिलं टोक फुकट गेलं. दुसरं, तिसरं, चौथं गेलं. बाई शेजारी बसून नुसत्या बघत होत्या. पाचव्याला मशीन जोडलं गेलं. मी खुर्चीत मागे टेकलो. बाईंनी वायर काढली, अंगठ्याने टोक दाबून पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि कात्रीने ते टोक कापून टाकलं.

"एकदा जमलं ते नशीब," त्या म्हणाल्या. "परत कर."

लॅब सहाला बंद व्हायची. त्या दिवशी ती साडेसातला बंद झाली.