थोरलीचं नाक

त्या घरात कोठीची किल्ली कधी खिळ्याला लागली नाही. ती थोरलीच्या कमरेला असे. मळ्यातला माल घरात आला की पुढचं सगळं तिचं. बटाटे कोरड्या वाळूत, कांदे फळ्यांवर पसरलेले, लसणाच्या जुड्या तुळईला, भोपळे गवतावर, एकमेकांना न टेकता. पुढचं पीक हाताशी येईपर्यंत सगळ्यांची पोटं याच खोलीवर. सकाळी दार उघडून ती उंबऱ्यात उभी राहायची, एक लांब श्वास घ्यायची आणि नेमकं नासकं तेवढंच उचलायची. बाकीच्याला बोट लावायची नाही. "बटाटा म्हणजे झोपलेलं पोर. उगाच उठवू नये," असं धाकट्या जावेला बजावायची. धाकटीनं एखादा हलवला, तर आठवडाभर टोमणे.

यंदा ती तापातून उठली, पण नाक काही उठलं नाही. चुलीवर दूध करपलं तरी कळेना. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. नाकाचं काम ती हातांकडून करून घेऊ लागली. रोज सगळी वाळू उपसायची, एकेक बटाटा दाबून बघायचा, परत पुरायचा. पाठीचा काटा ढिला झाला. जेवताना घास हातात धरूनच ती पेंगायची. आणि एवढं करून बटाटे जास्तच नासत होते. रोजच्या हाताळण्यानं त्यांची सालं सोलवटत होती. तिला ते दिसत होतं, पण हात थांबत नव्हते.

एका सकाळी धाकटी टोपली घेऊन दारात आली आणि तिथंच थबकली.

"ताई, आत काय मेलंय?"

"काही नाही. तुला कुठंही वासच येतात."

"अहो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तुम्ही त्याच्यावरच बसलाय."

थोरलीनं खाली पाहिलं. वाळूत घालायचं राहून गेलेलं बटाट्यांचं पोतं बुडाशी ओलं झालं होतं.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. "कधीपासून?"

"तापापासून."

"म्हणून रोज पोरांना झोपेतून उठवताय होय?"

"हो."

"मग मी इतकी वर्षं बोलणी कशापायी खाल्ली?"

थोरली हसली, पण त्या हसण्यातही जीव नव्हता. "आता तू ऐकव. पण आधी सांग, पोतं सोडून अजून कुठून येतोय?"

धाकटीनं उंबऱ्यात उभं राहून डोळे मिटले. "मागच्या कोपऱ्यातून. खालून."

"खिडकीकडून की भिंतीकडून?"

"भिंतीकडून."

"तेवढंच उकर. बाकीच्यांना झोपू दे."

धाकटीनं उकरून काढलेला बटाटा तिच्या हातावर ठेवला. सवयीनं थोरलीनं तो नाकाशी नेला, क्षणभर तसाच धरला आणि बादलीत टाकला. मग कमरेची किल्ली सोडून ती दाराशेजारची भिंत चाचपू लागली. खिळा नव्हताच.

"उद्या एक ठोकून घे," ती म्हणाली. किल्ली धाकटीच्या टोपलीत ठेवून ती उंबऱ्यावर बसली आणि चौकटीला डोकं टेकून तिनं डोळे मिटले.