भुऱ्याला ऐकू आलेली हाक

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी तिरोड्याला शाळेत विज्ञान शिकवतो. आम्ही बौद्ध, आजोबांच्या दीक्षेपासून घरात देव नाही, अंगारा नाही, बाहेरचं लागणं नाही. कुणी भुताखेतांचं काढलं की बाबा सरळ उठून जायचे. आणि घडलं ते त्यांच्याच बाबतीत...

आमचं गाव सालेकसा तालुक्यात. पुढे रेल्वेलाइन, मागे जंगल, मधे धानाची बांधी. आमच्याकडे नांगराला रेडे जुंपतात, त्यांना हल्या म्हणतात. भुऱ्या हा बाबांचा हल्या. तीन दिवसांचा असताना त्याची माय साप चावून मेली. बाबांनी फडकं दुधात भिजवून भिजवून त्याला वाढवला. संध्याकाळी दारात उभं राहून ते ओरडायचे, “हिर्र हो, भुऱ्याऽऽ!” की हा कळप सोडून निघालाच.

तीन वर्षांपूर्वी बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. छपरीत खाटेवर पडून असायचे.

एका रविवारी मी घरी गेलो तर भरदुपारी भुऱ्या खाटेजवळ उभा, आणि बाबांचा डावा हात त्याच्या कपाळावर.

“हा चरायला नाही गेला?”

“गेला होता,” आई म्हणाली. “तुझ्या बापानं बोलावलं.”

“आई, बाबांना बोलता कुठे येतं?”

“तोंडानं नाही रे. डोळे मिटून पडते, अन् थोड्या वेळानं हा दारात येऊन उभा राहते.”

मी हसलो. पण मास्तर माणूस... पडताळून पाहायचं ठरवलं. पुढच्या रविवारी मी गावाबाहेरच्या बोडीवर जाऊन बसलो. बोडी म्हणजे शेतातलं तळं, घरापासून दोन किलोमीटर. आईला सांगितलं, तुला वाटेल तेव्हा बाबांना भुऱ्याला बोलवायला सांग आणि मोबाइलमध्ये वेळ बघून ठेव. कधी ते मला सांगू नको.

ढोरं पाण्यात बसली होती. तीन वाजून दहा मिनिटांनी भुऱ्या उठला. कान टवकारले. अंगावरचा चिखल निथळत बाहेर आला आणि घराच्या वाटेला लागला. बाकी एकही जनावर हललं नाही.

ढोरं राखणारे फागूकाका म्हणाले, “पाहून राहिले न, गुरुजी? रोजचंच हाय हे.”

घरी आईनं वेळ सांगितली. तीन वाजून दहा.

मग एकदा उलटं केलं. आज बोलवू नका, म्हणून बाबांना विनवलं. त्या दिवशी भुऱ्या कळपाबरोबरच परतला. असे एकूण पाच रविवार मी पडताळून पाहिलं; बोलावलं की यायचा, नाही बोलावलं की नाही. शाळेत कुणाजवळ बोललो नाही. काय बोलणार?

गेल्या वर्षी थंडी सरताना बाबांना दुसरा झटका आला. गोंदियाला दवाखान्यात भरती केलं. डॉक्टर म्हणाले, “हालत नाजूक है, हिलाना मत.” तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास बाबांनी माझा हात घट्ट धरला, दाराकडे पाहिलं आणि डोळे मिटले. ते कुणाला बोलावताहेत ते मला कळलं.

थोड्याच वेळात धाकट्या भावाचा, विलासचा फोन.

“दादा, भुऱ्यानं दावं तोडलं! आमगावच्या रस्त्यानं चालून राहिला. मी गाडीवर मागं हावो, आयकतच नाही. समोरून ट्रक येऊन राहिले, दादा!”

आमगावचा रस्ता म्हणजे गोंदियाचा रस्ता. चाळीसेक किलोमीटर.

मी फोन तसाच चालू ठेवला. वॉर्डात इतर पेशंटचे लोक होते, नर्स होती. त्या सगळ्यांदेखत मी, विज्ञानाचा मास्तर, बाबांच्या कानाशी वाकून म्हणालो, “बाबा, त्याला परत पाठवा. रस्त्यावर आलाय तो. ट्रकखाली जाईल, बाबा...”

बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा मिटले. डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं.

फोनमधून विलासचा आवाज आला. “थांबला... दादा, थांबला! मधातच उभा हाय.” मग काही क्षण नुसते हॉर्न. “वळला. घराकडे निघाला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले.

त्यांना गावी नेलं तेव्हा भुऱ्या गोठ्यात पाठ करून उभा होता. आईनं नाव घेऊन हाक मारली, वळला नाही. सात दिवस त्यानं चाऱ्याला तोंड लावलं नाही. हळूहळू खायला लागला. आता नांगराला चालतो, कळपाबरोबर जातो आणि कळपाबरोबरच येतो.

मी खूप विचार केला. वास म्हणावा, तर दोन किलोमीटर एक वेळ मानीन, गोंदिया कसं मानू? सवय म्हणावी, तर वळला का? योगायोग म्हणायला माझी ना नाही, पण किती वेळा म्हणू? मला उत्तर मिळालेलं नाही. तुमच्यापैकी कुणाजवळ असेल तर जरूर लिहा.

खरं तर मला टोचतं ते वेगळंच. बाबांना त्याला एकदा पाहायचं होतं. तो निघालाही होता. मी मधे पडलो.

विलासला एकदा हे बोललो. तो म्हणाला, “कायले जिवाले लावून घेतो, दादा? ट्रकखाली आला असता तं?”

हो, आला असता. तरी परवा बोडीच्या काठावर बसून मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात भुऱ्याची माफी मागितली.

तो पाण्यात तसाच बसून होता.