सांध्यावरचा ओला फेस

गप्पांत भुताखेतांचा विषय निघाला की मी आजही उठून बाहेर जातो. माझा धंदा एसीचा. गॅस उडाला म्हणजे कुठेतरी गळती असणारच, एवढाच माझा विश्वास. तरी हे लिहितोय... कारण यात एक कबुलीही आहे.

साल १९९७, मार्च महिना. मी सव्वीस वर्षांचा, बारामतीत कांबळे तात्यांच्या हाताखाली काम करायचो. तात्या काटेवाडीचे. फ्रिज दुरुस्त करता करता एसीत आलेले. स्प्लिट एसीच्या तांब्याच्या पाइपचं तोंड फुलवून नट आवळला, की ते दाढीच्या जुन्या ब्रशनं त्या सांध्यावर साबणाचा फेस लावायचे आणि टक लावून बघत बसायचे. बुडबुडा फुगला तर गळती. नाही फुगला, तरच इन्सुलेशनची काळी नळी सांध्यावर सरकवून टेप मारायचा. "झाकायची घाई करू नगं," म्हणायचे, "झाकल्यावर समदं चांगलंच दिसतं." काय दिवस होते ते! एसटीच्या टपावर पाइपची गुंडाळी, आणि तात्यांच्या डब्यातली भाकरी दोघांत...

अंथुर्ण्याला एका मॅडमनी नोकरी सोडून केळीच्या टिश्यू कल्चरची छोटी लॅब काढली होती. बाटल्यांतली हजारो इवली रोपं, पहिलीच बॅच. "खोली तापली तर सगळं संपलं," त्या म्हणाल्या होत्या.

तिथे एसी बसवायचं काम आमच्याकडे होतं. कामाच्या शेवटच्या दिवशी तात्यांच्या छातीत दुखायला लागलं. जीपनं बारामतीला दवाखान्यात निघाले, तरी जाता जाता मला चिडवलंच. त्या दिवशी चार वाजता इंदापूरला माझा मुलगी बघायचा कार्यक्रम होता.

"नवरदेव, पोरीम्होरं हात धुऊन जा. न्हायतर म्हणंल, गॅरेजवाला आलाय."

"तुमी दवाखान्याचं बघा, तात्या."

छताजवळचा एकच सांधा राहिला होता. मी नट आवळला. फेस लावलाच नाही. काळी नळी सरकवली, टेप मारला, गॅस सोडून मशीन चालू केलं आणि इंदापूरची एसटी धरली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. काकू, म्हणजे तात्यांची बायको, उशाशी बसल्या होत्या. तात्यांनी डोळे उघडून पहिलं हेच विचारलं, "वरचा सांधा तपासला का?"

"व्हय तात्या. फेस लावून बघितला."

त्यांनी डोळे मिटले. संध्याकाळी ते गेले.

तीन दिवस मला अन्न गोड लागेना. चौथ्या दिवशी सकाळी अंथुर्ण्याला गेलो. मॅडमनी कमरेची किल्ली काढून लॅब उघडली. खोली गार होती. शिडी लावून वर चढलो, आणि हात तिथेच थांबला.

टेप सोडून व्यवस्थित गुंडाळून ठेवलेला. काळी नळी चार बोटं मागे सरकवलेली. सांध्यावर ताजा, ओला फेस... आणि नटाच्या कडेला एक बुडबुडा हळूहळू फुगत होता.

"मॅडम, इथं कोण आलं होतं?"

"कुणी नाही. चप्पल बदलल्याशिवाय मी कुणाला आत घेते का?" मग म्हणाल्या, "तुम्हीच लावला असेल त्या दिवशी."

त्या दिवशी? साबणाचा फेस अर्धा तासही टिकत नाही.

मी नट सोडला, पाइपचं तोंड कापून नव्यानं फुलवलं, आवळलं, फेस लावला आणि तासभर बघत बसलो. गॅस पुरा भरला. रोपं जगली. त्यातली केळी पुढे पळसदेवपर्यंत लागली.

फेस कुणी लावला? कामाच्या ओळखीतल्या सगळ्यांना आडून आडून विचारलं, कुणीच तिकडे फिरकलेलं नव्हतं. मला आजही उत्तर माहीत नाही.

पण तात्यांच्या पुण्यानुमोदनाला काकू आल्यागेल्याला सांगत होत्या, "ह्यांनी इचारलं, आन् ह्यो व्हय म्हणला. मग निवांत झोपलं बगा." आजही काटेवाडीला गेलो की चहा देताना त्या हेच सांगतात. फेसाची गोष्ट काकूंना सांगायची, तर आधी माझं खोटं सांगावं लागेल. आणि ते निवांत झोपले नव्हते, हेही.

मागच्या महिन्यात गेलो होतो. काकूंनी ते पुन्हा सांगितलं. मी मान डोलावली आणि चहा पिऊन निघालो.