हुकूम दारापर्यंतच

मलिंगारच्या कोर्टाबाहेरची ती सकाळ मी विसरलेले नाही, आणि विसरायची माझी इच्छाही नाही. निवृत्त म्हणावं एवढं माझं वय नाही. आयर्लंडच्या पोलिसात, म्हणजे गार्डात, सहा वर्षं नोकरी केली आणि वर्दी परत केली. का केली, ते या एका प्रकरणात आहे. नाव कुणाचंच लिहीत नाही.

बुधवारी दुपारी ठाण्यात फोन आला. मीच घेतला. पुरुषाचा आवाज, इंग्रजी सफाईदार, पण पुण्याचा हेल लपत नव्हता. एका बाईवर हद्दपारीचा आदेश आहे, ती फरार आहे, उद्या साडेदहाला कोर्टात येणार आहे. आदेशाचा क्रमांकही त्याने न अडखळता सांगितला. स्वतःचं नाव मात्र सांगितलं नाही. मी नोंद केली. सार्जंट म्हणाला, "ग्रँड. दारात उभी राहा, आयती येतेय."

फरार बाई स्वतःच्या पायाने कोर्टात कशाला येईल? हा प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवा होता. नाही विचारला.

ती आली होती नवऱ्यापासून संरक्षण मागायला. मारहाणीनंतर पाच वर्षांच्या मुलीला घेऊन ती आश्रयगृहात राहत होती. असे खटले इथे बंद दाराआड चालतात. मी बाहेर उभी आहे हे न्यायाधीशबाईंना कळलं आणि त्यांनी मला आत बोलावलं. एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला ती. तिच्या हातात नुकतीच सही झालेला कागद होता: नवऱ्याने हिला मारायचं नाही, धमकवायचं नाही.

"गार्डा, तुम्ही हिला न्यायला आलात?"

"हो, जज."

"या खोलीत हिला कुणी हात लावणार नाही. एवढं माझ्या हातात आहे." त्यांनी चष्मा काढला. "हद्दपारी मंत्र्यांची. ती थांबवायची तर हायकोर्ट, मी नाही. या दाराबाहेर माझा हुकूम चालत नाही. तुम्हाला निदान प्रश्न विचारता येतात. तेवढे तरी विचारा."

मी बाहेर येऊन थांबले. ती आली. कोर्टाच्या तिसऱ्या पायरीवर मी तिला अटक केली. तिचे हक्क मराठीत सांगितले, तेव्हा आधी तिचा चेहरा उजळला. आपलं माणूस भेटलं असं तिला वाटलं. ते मला अजून छळतं.

ठाण्यात तिच्या वस्तूंची यादी केली. एक पर्स, आश्रयगृहाची किल्ली, संरक्षणाचा आदेश. शेजारी माझ्या फायलीत हद्दपारीचा आदेश. दोन्ही कागदांवर एकाच सरकारचा शिक्का.

"कसली ऑर्डर, मॅडम? मला काहीच आलं नाही."

"रजिस्टर्ड टपालाने गेलीय. घेतल्याची सही आहे."

"टपाल तेच घ्यायचे. माझ्या व्हिसाचंही तेच बघायचे. सगळी कागदपत्रं त्यांच्याच फायलीत. पासपोर्टसुद्धा." मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "ताई, पोरीची शाळा दीडला सुटते. मी नाही गेले तर ते जातील. मला विमानात बसवतील आणि पोर त्यांच्याकडे राहील. त्यांना तेच हवंय हो."

मी आधी आश्रयगृहाला फोन लावला, शाळेत माणूस पाठवा म्हणून. मग टपालाची पोच काढली. आदेश तिच्या पासपोर्टवरच्या, म्हणजे माहेरच्या नावाने होता. पोचेवर सही भलत्याच बाईची.

"हे नाव कुणाचं?"

तिने पोच जवळ ओढली. "माझंच. लग्नात ताटातल्या तांदळांत लिहिलं होतं ना, ते. सासरी तेवढं म्हणतात. मी स्वतः ते कधीच लिहिलं नाही. एकदाही नाही."

ती पोच सार्जंटने पाहिली होती, त्याच्या आधी आणखी कुणीकुणी पाहिली असेल. त्यांना एक भारतीय नाव दुसऱ्यासारखंच.

तेवढ्यात नवराच ठाण्यात आला. "हिचा पासपोर्ट. तुम्हाला लागेल ना?"

तोच हेल. तोच आवाज.

"बसा," मी म्हटलं. "जमा केल्याची पावती लागते. पत्नीचं पूर्ण नाव तुमच्या हाताने लिहा."

"अरे वा, मराठी! बरं झालं. घरचं मॅटर आहे हो. जरा शिस्त लावायला गेलं की लगेच कोर्ट." हसत हसत त्याने लिहिलं. पासपोर्ट समोर उघडा होता, तरी तांदळातलंच नाव लिहिलं. वळणही तेच.

मी पोच शेजारी ठेवली, बोलाल ते पुराव्यात जाईल अशी रीतसर ताकीद दिली आणि विचारलं, "ही सही कुणाची?"

"घरचं टपाल आहे. नवरा नाही घेणार तर कोण घेणार?"

"मग तिला दिलंत कधी?"

त्याने पासपोर्ट मिटला.

"कालच्या फोनवर क्रमांक तुम्ही याच पत्रातून वाचलात."

"मी वकिलाशी बोलतो," तो म्हणाला आणि पुन्हा इंग्रजीवर गेला.

मला वाटलं, झालं, सुटली. सार्जंटने माझं टिपण नीट वाचलं. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, "काम चांगलं केलंस. पण पत्र पत्त्यावर पोचलं, म्हणजे कायद्याने बजावलं. बाकीचं हायकोर्टाला सांगा." त्याच दुपारी तिला डब्लिनच्या तुरुंगात नेलं.

पोचेची प्रत आणि माझा जबाब तिच्या वकिलाकडे गेला. हायकोर्टाने स्थगिती दिली, पुढे आदेश मागे घेतला गेला. मुलगी बापाच्या हाती लागली नाही. पण आई सुटून येईपर्यंत अकरा दिवस ती आश्रयगृहात प्रत्येकाला विचारत होती, "इज मॅमी इन ट्रबल?"

लोक म्हणतात, शेवटी सुटली ना? हो, सुटली. कारण त्या दिवशी ड्यूटीवर योगायोगाने तांदळातलं नाव माहीत असलेली बाई होती. योगायोगाला न्याय म्हणायचं नाही, एवढं मी शिकले. मारणाऱ्याने फक्त एक फोन केला, बाकी सगळं काम आम्ही सरकारी पगारावर त्याच्यासाठी केलं. कोर्टाच्या दारात सापळा लावलात की तो आधी मार खाल्लेल्यालाच लागतो. न्यायाधीशांचे हात दाराशी संपत असतील, तर कायदा बदलून ते दार पुढे सरकवा. माझी मागणी एवढीच आहे आणि वर्दी सोडल्यापासून मी काढते त्या प्रत्येक पत्रकात ती लिहिते.

पुढच्या गुरुवारी त्याच कोर्टात माझी ड्यूटी होती. आश्रयगृहातल्या आणखी एका बाईची तारीख होती. तिच्या इथे राहण्याच्या परवान्याची मुदत संपलेली होती. नाव तीनदा पुकारलं. कुणी आलं नाही. न्यायाधीशबाईंनी मान वर करून दाराकडे पाहिलं.

दारात मी उभी होते.